मुलांना सार्वजनिक आरोग्याकडे कोण वळविणार?

आमच्या शेजारचे एक मुसलमान गृहस्थ आपल्या पत्नीसह हजयात्रेला निघाले, तेव्हा निरोप घेण्यासाठी ते आमच्या घरी आले होते. पासपोर्टाबरोबर त्यांच्या हाती लस टोचल्याची नोंद असलेले एक लहानसे पुस्तक होते. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा ज्वर, त्यावरची लस घेतल्याचा दाखला असल्याखेरीज सौदी अरेबियात हजसाठी प्रवेश मिळत नाही, असे त्यांनी सांगितले. माझा धाकटा मुलगा ते पुस्तक न्याहाळीत होता. त्याने विचारले, "आई, हा नियम कोणी केला? डॉक्टरांनी?" मी चहा ओतता ओतता "हो" म्हणून मोकळी झाले.

रात्री माझ्या लक्षात आले की मुलाला मी अर्धवट उत्तर दिले. तो नियम रोग्याच्या उशाशी बसून कोणी केलेला नाही. कोठे किती माणसे आजारी पडली, ती कोणत्या वाटेने आली, घरी परतल्यावर त्यांच्यापासून कोणाला रोग झाला, याची मोजदाद करणाऱ्यांनी तो केला. त्यांच्यात डॉक्टर होते, तसेच प्रयोगशाळेत काम करणारे होते, आकडे मांडणारे होते, परिचारिका होत्या आणि बंदरांवरचे अधिकारीही होते. इतकी वर्षे शिकविणाऱ्या शिक्षिकेला हे चटकन सुचू नये, तर मुलांना कोठून सुचणार?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, "आरोग्याच्या क्षेत्रात कोणाकोणाला काम करायचे आहे?" बरेच हात वर आले. बहुतेकांना डॉक्टर व्हायचे होते, दोघींना परिचारिका आणि एकाला औषधांचे दुकान काढायचे होते. साथीचा शोध घेणारा, पाणी तपासणारा, डासांचा अभ्यास करणारा होण्याची इच्छा एकालाही नव्हती. ही कामे असतात हेच त्यांना ठाऊक नव्हते. मग मी विचारले, "डॉक्टर तुम्ही कोठे पाहिला?" उत्तरे आली ती दूरदर्शनवरच्या मालिकेत, चित्रपटात, आणि परीक्षेच्या निकालानंतर वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या फोटोत.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. वर्तमानपत्र, रेडिओ, दूरदर्शन, चित्रपट, आणि आता प्रत्येकाच्या खिशातला फोन, यांपैकी कोणते साधन मुलांना सार्वजनिक आरोग्याच्या कामाकडे खरोखर वळविते? याचे उत्तर शोधायला सौदी अरेबियाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. कारण जे काम इतर देशांत पडद्याआड चालते, ते त्या देशाला दरवर्षी साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत करावे लागते.

मागचा इतिहास थोडक्यात सांगते. १८६५ साली मक्केत पटकीची मोठी साथ उसळली. जेद्दाहून सुएझकडे निघालेल्या आगबोटींबरोबर ती पुढे युरोपात पोहोचली आणि सरकारांची झोप उडाली. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हजयात्रेचे आरोग्य हाच मुख्य विषय होता. आपल्या पूर्वजांच्या मुंबई बंदराचाही या कथेशी संबंध आहे. ज्या बंदरातून आपले आजे-पणजे मॉरिशसला आले, त्याच बंदरातून हिंदुस्थानचे हजयात्री जेद्दाला जात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी सरकारने तेथून हजला जाण्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

मेनिंजायटिसची गोष्ट अलीकडची आहे. १९८७ च्या हजमध्ये या रोगाची साथ आली व त्यानंतर लस सक्तीची झाली. पण २००० साली रोगजंतूचा एक निराळाच प्रकार पुढे आला. त्या लसीत त्याच्यावर उपाय नव्हता. यात्रेकरू घरी परतल्यावर त्यांच्या घरांतली माणसे निरनिराळ्या देशांत आजारी पडू लागली. ठिकठिकाणच्या नोंदी जुळविल्यावर धागा हजपर्यंत पोहोचला, आणि २००२ पासून चार प्रकारांवर चालणारी लस आवश्यक ठरली. शेजाऱ्यांच्या हातातले ते पुस्तक म्हणजे या सगळ्या शोधाचे फळ होते.

आता एकेक साधन घेऊन पाहू.

पहिले वर्तमानपत्र. मी स्वतः वर्तमानपत्राची भक्त आहे, तेव्हा त्याचा दोष मला सांगितलाच पाहिजे. वर्तमानपत्राला सार्वजनिक आरोग्य आठवते ते बिघडल्यावर. २०१२ साली जेद्दाच्या एका रुग्णालयात डॉ. अली मोहम्मद झाकी या इजिप्तच्या विषाणुतज्ज्ञाला एका रुग्णाच्या नमुन्यात कधी न पाहिलेला विषाणू सापडला. तोच पुढे मर्स या नावाने ओळखला गेला. नंतर उंटांशी त्याचा संबंध आहे असे दिसून आले. २०१४ च्या वसंतात जेद्दातील रुग्णालयांत हा रोग पसरला आणि आरोग्यसेवकांनाही त्याने गाठले. जगभरची वर्तमानपत्रे तोंडावर मुखपट्टी बांधलेल्या माणसांच्या छायाचित्रांनी भरून गेली. ती बातमी देणे योग्यच होते. पण ज्या मुलाने एवढेच वाचले, त्याच्या मनात या कामाविषयी भीतीखेरीज काय राहणार?

तसेच २०२४ चे. त्या वर्षी हजच्या दिवसांत मक्केत उष्णतेचा पारा पन्नास अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्या सांगण्यानुसार १,३०१ माणसे दगावली. त्यांतील शंभरात ८३ जण परवान्याशिवाय आलेले होते. आकडा साऱ्या जगाने वाचला. पण परवाना नसणे आणि उन्हाने मरणे यांचा संबंध काय? परवाना नाही म्हणजे थंड तंबू नाही, बस नाही, मैलोगणती उन्हातून पायपीट आहे. कागदाचा एक तुकडासुद्धा आरोग्याचा प्रश्न होऊ शकतो, हे शिकविण्यासाठी याहून चांगला धडा नाही. वर्तमानपत्राने आकडा दिला, प्रश्न विचारायचे शिक्षकांवर सोडले, आणि आम्ही शिक्षकांनी ते सोडूनच दिले.

दुसरे साधन रेडिओ आणि दूरदर्शन. सौदी अरेबियात रेडिओ १९४९ साली आला आणि सरकारी दूरदर्शन १९६५ साली. निरक्षर माणसाच्या कानापर्यंत पोहोचण्याची रेडिओची शक्ती मोठी आहे. आपल्या आजीला पाणी उकळून पिण्याचे शहाणपण कोणी पुस्तक वाचून दिले नव्हते. परंतु ही साधने सूचना देतात. हात धुवा, सावलीत थांबा, पाणी प्या, लस घ्या. सूचना ऐकून माणूस चांगला नागरिक होतो. तेवढ्याने तो त्या कामाचा कार्यकर्ता होत नाही.

याला एक अपवाद मी मानते. २०२० साली कोरोनाच्या काळात सौदी आरोग्य मंत्रालयाचे प्रवक्ते डॉ. मोहम्मद अल-अब्द अल-आली रोज दूरदर्शनवर येऊन किती रुग्ण, किती बरे झाले, कोणत्या गावी किती, हे शांतपणे सांगत असत. त्या वर्षी हज देशात राहणाऱ्या अगदी थोड्या लोकांपुरता ठेवला होता, आणि २०२१ साली साठ हजारांपुरता. एरवी लाखो माणसे जेथे जमतात तेथे असा निर्णय घेणे आणि तो लोकांना समजावून सांगणे हे आरोग्याचेच काम, हे घराघरांतल्या मुलांनी पाहिले. आपल्या बेटावरही त्या दिवसांत संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसून आकड्यांची वाट पाहिली गेली. मुलांनी त्या वेळी प्रथमच असा आरोग्याधिकारी पाहिला ज्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता आणि हातात कागद होता. ती संधी होती. साथ ओसरली आणि संधीही ओसरली.

तिसरे साधन चित्रपट. सौदी अरेबियात १९८० च्या दशकाच्या आरंभापासून बंद असलेली चित्रपटगृहे २०१८ साली पुन्हा उघडली. पुढच्याच वर्षी हैफा अल-मन्सूर या सौदी दिग्दर्शिकेचा 'द परफेक्ट कँडिडेट' हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. त्यातली नायिका मरियम ही एका लहान गावातल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. एक म्हातारा रुग्ण बाईच्या हातून उपचार करून घ्यायला नकार देतो, हे तर झालेच. पण तिचे खरे दुखणे वेगळे आहे. दवाखान्यासमोरचा रस्ता कच्चा आणि चिखलाचा आहे, रुग्णाला आत आणणेच मुश्किल होते. तो रस्ता व्हावा म्हणून ती नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहते.

योगायोग असा की त्याच २०१९ साली मराठीत 'आनंदी गोपाळ' हा चित्रपट आला. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींची कथा आपल्या घराघरांत पूज्य आहे, आणि ती तशी असावयासच हवी. पण दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहा. आनंदीबाईंचा झगडा डॉक्टर होण्यासाठी आहे. मरियम डॉक्टर झालेलीच आहे, तिचा झगडा दवाखान्याच्या दाराबाहेर सुरू होतो. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय ते त्या चिखलाच्या रस्त्याने जितके चटकन कळते तितके माझ्या दहा तासांनी कळले नसते. चित्रपट मुलाच्या मनात ठिणगी टाकू शकतो, हे मी मान्य करते. त्याची उणीव एवढीच की त्याला नायक एकच लागतो, आणि सार्वजनिक आरोग्याचे काम कधी एकट्याने होत नाही.

चौथा फोन. सौदी आरोग्य मंत्रालयाने ९३७ या क्रमांकावर सल्ला देण्याची सोय केली आहे. लशीची वेळ ठरविण्यासाठी फोनवर 'सेहती' नावाची सोय आहे. सोय उत्तम, पण सोयीमागचा माणूस दिसेनासा होतो. नळ उघडला की पाणी येते, म्हणून मुलाला पाणी तपासणारा कधी दिसत नाही, तसेच हे आहे.

मग माणसे तयार होतात तरी कशी? येथे सौदी अरेबियाच्या दोन गोष्टी सांगते, एक अडचणीची आणि एक यशाची.

अडचणीची गोष्ट परिचारिकांची. त्या देशात परिचर्येचे रीतसर शिक्षण १९५८ साली रियाधमध्ये अवघ्या पंधरा विद्यार्थ्यांवर सुरू झाले, आणि ते पंधराही पुरुष होते. लुत्फिया अल-खतीब या सौदी बाई त्याआधीच, १९४१ साली, कैरोहून परिचर्या शिकून आल्या होत्या. मुलींसाठी शिक्षणसंस्था निघावी म्हणून त्या झटल्या. तरीही पुढे कित्येक दशके तेथील रुग्णालयांची भिस्त भारत, फिलिपाइन्स अशा देशांतून आलेल्या परिचारिकांवर राहिली, आणि आजही त्यांची संख्या मोठी आहे. कारण काय? रात्रपाळी, परपुरुषांची सेवा, लग्न जुळेल की नाही ही चिंता. घरच्या वडीलमाणसांना ते काम मानाचे वाटत नव्हते. ज्या कामाला घरात मान नाही, त्याची जाहिरात रस्त्यावर कितीही करा, मुलगी त्या वाटेने जाणार नाही. हे वाचून सौदी लोकांना हसू नये. आपल्याकडची परिस्थिती पुढे सांगतेच.

यशाची गोष्ट रोगांच्या साथींचा शोध घेणाऱ्यांची. १९८९ साली अमेरिकेच्या साहाय्याने सौदी आरोग्य मंत्रालयाने त्यांच्यासाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. त्यात शिकणाऱ्याला वर्गात थोडे आणि बाहेर पुष्कळ शिकावे लागते. कोठे लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली, की शिकणारे तेथे जातात. कोणी भात खाल्ला, कोणी मांस खाल्ले, कोण आजारी पडले, कोण पडले नाही, हे घरोघर विचारून तक्ता मांडतात आणि दोषी पदार्थ शोधतात. हजच्या दिवसांत ते मक्का-मिना येथे कामाला असतात. आणि त्यांनी काय शोधले ते एका साध्या आरोग्यपत्रिकेत इंग्रजी आणि अरबी भाषेत छापले जाई. त्या पत्रिकेत रंगीत चित्रे नव्हती, नायक नव्हता. तक्ते होते, पण ते शिकणाऱ्याने स्वतः केलेल्या कामाचे होते.

माझ्या मते येथेच उत्तर आहे. वर्तमानपत्र, दूरदर्शन, चित्रपट, फोन या सर्वांत विद्यार्थी बघ्या असतो. त्या साध्या पत्रिकेत तो लेखक असतो. बघ्याला डॉक्टर व्हावेसे वाटते, कारण डॉक्टर दिसतो. ज्याने स्वतः एकदा मोजून पाहिले, शोधून पाहिले, त्याला न दिसणाऱ्या कामाची गोडी लागते. सौदी अरेबियातील स्काउट मुले दर हजला वाट चुकलेल्या यात्रेकरूंना त्यांच्या तंबूपर्यंत पोहोचवितात. कडक उन्हात भटकणाऱ्या म्हाताऱ्याला सावलीत नेणारा तो मुलगा आरोग्याचेच काम करीत असतो. उद्या त्याने या क्षेत्रात यायचे ठरविले, तर ते एखादे भित्तिपत्रक पाहून ठरविलेले नसेल.

आता आपल्या घराकडे वळू. मलेरियाने या बेटाला १८६७ साली कसे उद्ध्वस्त केले, पोर्ट लुईतून माणसे डोंगरावरच्या गावांकडे कशी पळाली, हे आपल्या जुन्या पिढीने ऐकलेले आहे. १९७३ साली मलेरिया गेल्याची मान्यता मिळाली, १९७५ च्या जेर्व्हेज वादळानंतर तो परत आला, आणि पुन्हा घालविला गेला. तो परत येऊ नये म्हणून आजही मलेरियाच्या देशांतून आलेल्या प्रवाशांच्या घरी आरोग्य खात्याचे कर्मचारी जातात, विचारपूस करतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात. हे काम इतक्या मुकाट्याने चालते की दारात उभा असलेला तो माणूस कोण, हे मुलांना आपण सांगतही नाही. "थांब हं, इन्स्पेक्टर आलाय," एवढे म्हणून कुत्रा बांधतो.

दुसरीकडे एच.एस.सी. चे निकाल लागले की शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांची नावे रेडिओवर येतात, हार घातलेली छायाचित्रे छापली जातात, आणि अमुक मुलगी डॉक्टर होणार हे वाचून प्रत्येक आईच्या तोंडाला पाणी सुटते. आईचा दोष नाही. तिच्यासमोर दुसरे चित्र ठेवलेच कोणी?

मी स्वतः या पापातून मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. २००५-०६ मध्ये चिकनगुनियाची साथ आली तेव्हा ती लहान होती. तिची आजी सांधेदुखीने महिनोन् महिने अंथरुणाला खिळली होती. ही मुलगी मला म्हणाली, "बाई, मला डास का होतात ते शिकायचे आहे." मी हसून म्हटले, "एवढे चांगले गुण आहेत, डासांमागे काय लागतेस? डॉक्टर हो." पुढे डॉक्टरीसाठी लागणारे गुण थोडक्यात हुकले. आज ती एका कचेरीत हिशेब लिहिते. सुखी आहे, भेटली की पाया पडते. पण तिला पाहिले की मला वाटते, हिच्या मनातली ठिणगी कोणत्याही दूरदर्शनने विझविली नाही, मी विझविली.

म्हणून वाचकांपुढे तीन सूचना ठेवते. पहिली शिक्षकबंधुभगिनींसाठी. व्यवसाय-मार्गदर्शनाच्या दिवशी डॉक्टरांबरोबर आरोग्य-निरीक्षकालाही बोलवा, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाही बोलवा, आणि त्यांना भाषण करू देण्याऐवजी मुलांना त्यांच्याबरोबर एक फेरी मारू द्या. दुसरी पालकांसाठी. मुलाने "मला साथींचा अभ्यास करायचा आहे" म्हटले तर पगार विचारण्याआधी "कोणत्या साथीचा?" असे विचारा. पगारही विचारावाच, पण दुसऱ्यांदा.

तिसरी सूचना आपल्या मंडळांसाठी आणि या पानाच्या संपादकांसाठी. गणेशोत्सवाच्या आधी आपण मंदिराचे आवार झाडतो, रंगवितो. त्याच आठवड्यात बैठकेच्या मुलांना चार-चारच्या टोळ्यांत गावात फिरू द्या. कोणत्या आवारात पाणी साचलेले डबे, टायर, कुंड्यांखालच्या बशा आहेत, त्यांत अळ्या आहेत की नाहीत, हे त्यांनी मोजावे, घरच्या आजीला नम्रपणे सांगून पाणी ओतून द्यावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. कोणाच्या घराचे नाव लिहू नये, फक्त आकडे मांडावेत. तो तक्ता मुलांच्या शब्दांत, मोडक्या-तोडक्या मराठीत का होईना, या पानावर छापावा. आपली भाषा टिकावी असे आपण म्हणतो. मुलांना त्या भाषेत सांगण्याजोगे काही काम द्या, ती आपोआप टिकेल.

माझ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुरे उत्तर दिले. ते ऐकून तो म्हणाला, "म्हणजे कोणीतरी प्रत्येकाला विचारीत फिरले?" मी म्हटले, "हो, फिरले." त्याने थोडा विचार केला आणि आमच्या मागच्या अंगणात जाऊन कुंड्यांखालच्या बशा उलट्या करू लागला. सात होत्या. दोनांत अळ्या निघाल्या. शिक्षिकेच्या घरात!